मदत हवी आहे: वादविवाद स्पर्धेत २६/११ च्या मुद्द्याला उत्तर कसं द्यावं?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात राहतो, मुलगी अकरावीत आहे. पुढच्या आठवड्यात तिची वादविवाद स्पर्धा आहे. विषय: देशाच्या सुरक्षेसाठी नागरिकांवर पाळत योग्य. तिच्याकडे विरोधी बाजू आलीय.

घरात रोज यावरून वाद. २००८ च्या त्या रात्री माझे मिस्टर सीएसटीहून एक गाडी आधी निघाले, म्हणून वाचले. ते म्हणतात, ऐकू देत फोन खुशाल! मला त्यांचं दुःख कळतं, पण म्हणणं पटत नाही.

तिने सर्वोच्च न्यायालयाचा २०१७ चा पुट्टस्वामी निकाल घेतलाय. नऊ न्यायाधीशांनी एकमताने खासगीपणा मूलभूत हक्क मानला. शिवाय आयटी (माहिती तंत्रज्ञान) कायद्याचं कलम ६९, ज्यात सरकारला डिजिटल पाळतीची मुभा आहे. डिसेंबर २०१८ मध्ये केंद्राने त्याखाली १० यंत्रणांना संगणकातली माहिती तपासण्याचे अधिकार दिले. परवानगी देणार गृहसचिव, नंतर तपासणारी समितीही सचिवांचीच. न्यायाधीश कुठेच नाही! मला हाच मुद्दा सगळ्यात भक्कम वाटतो.

पण समोरचे २६/११ काढणारच. गेलेल्यांचा मान राखून काय उत्तर द्यावं? इथे कुणी वकील किंवा निवृत्त पोलीस अधिकारी असतील तर कृपया सांगा. मराठीत वाचायला काही असेल तर तेही सुचवा, रविवारपर्यंत मिळालं तर फार बरं.