उद्या टाकी सफाई आणि कॉफी

सेक्रेटरी: सर्व सभासदांना कळवण्यात येते की उद्या सकाळी ९ ते दुपारी १ टाकी सफाई आहे. पाणी बंद राहील. आजच भरून ठेवावे.

बी-३०४: ओके काका 👍 आणि सगळ्यांना हाय, मी परवा रात्री टोरांटोहून आलोय, तीन आठवडे आहे. आज जेट लॅगमुळे चारलाच डोळे टक्क उघडे, आईला उठवायला नको म्हणून पडून राहिलो आणि उजाडल्यावर सरळ चालत किंग्ज सर्कलला जाऊन कॅफे मद्रासला कॉफी प्यायलो. अकरा वर्षांनी!!

ए-१०१ काका: किंग्ज सर्कल नाही, आता महेश्वरी उद्यान म्हणायचं. (मीही म्हणत नाही.) पण रविवारी नंबर लागला कसा रे?

बी-३०४: एकट्याला लवकर लागतो काका. बाहेर वहीत नावं लिहून घेतात ना, मी एकटाच म्हटल्यावर एका टेबलावर तिघं बसलेले तिथे चौथा म्हणून घुसवलं. ते तिघं रसम वड्यात इतके गुंग की मान वर करून पण बघितलं नाही. तिकडे असं अनोळखी माणसांच्या टेबलावर कोणी बसवत नाही हो, मला उगाच घरी आल्यासारखं वाटलं

सी-२०५: दादा आम्ही या बिल्डिंगमध्ये नवीन आहोत म्हणून विचारते, तेवढ्यासाठी रविवारी रांगेत कशाला उभं राहायचं? कॉलेजच्या बाजूला नवीन कॅफे झालेत, एसी आहे, वायफाय आहे, कॅपुचिनो घेऊन दोन तास बसा कोणी उठवत नाही

ए-४०३ मामी: दोन तास एक कॉफी? गार नाही होत?

सी-२०५: 😂😂 मामी

ए-१०१ काका: तसं बघायला गेलं तर तिथलं राम आश्रय अजून जुनं, १९३९. कॅफे मद्रास त्याच्यानंतर, १९४०.

ए-४०३ मामी: एका वर्षाने काय फरक पडतो. चिकोरी किती ते महत्त्वाचं. आमच्याकडे ८०-२० च्या पुढे कधी गेलो नाही, ऐंशी कॉफी वीस चिकोरी, आणि त्यात पीबेरी पाहिजेच.

सी-२०५: पीबेरी म्हणजे वेगळं झाड का?

ए-४०३ मामी: नाही गं, झाड तेच. कॉफीच्या फळात एरवी दोन बिया असतात, एकमेकीला चिकटून, म्हणून एका बाजूने चपट्या. कधीकधी एकच धरते, मग ती गोल होते मटारसारखी, ती निवडून वेगळी विकतात. चिकोरी म्हणजे मूळ असतं, भाजून दळलेलं, त्याने रंग आणि दाटपणा येतो पण जास्त झाली की नुसता कडू काढा. आणि फिल्टर लावला की हात लावायचा नाही, वर पावडर, चकतीने हलकं दाबून उकळतं पाणी, मग खाली डिकॉक्शन उतरेपर्यंत ठेवून द्यायचा. माझी सून सारखी झाकण उघडून बघते

ए-४०३ सून: मी पण ग्रुपवर आहे अम्मा 🙏

बी-३०४: 😄 बरं ऐका ना, एक गंमत झाली. मी बसल्या बसल्या सवयीने ऑर्डर दिली, "एक फिल्टर, एक रिकामा ग्लास". तोंडातून गेलंच. बाबा नेहमी तसंच मागायचे, एक कॉफी दोघांत, मला दहावीपर्यंत अख्खी कॉफी अलाउडच नव्हती. ते उंचावरून ग्लासातून वाटीत, वाटीतून ग्लासात करत बसायचे, फेस आला की अर्धी माझ्या रिकाम्या ग्लासात. त्या वाटीला डबरा म्हणतात हे मला तिथेच कळलं, मी म्हटलं बाबा डबरा तर रस्त्यात असतो, तर ते एवढ्या जोरात हसले की कॉफी शर्टावर

ए-१०१ काका: तो शर्ट घालून पुढे आमच्याकडे पत्ते खेळायला आला होता तुझा बाप. आठवतंय मला.

सी-२०५: मग आज रिकाम्या ग्लासाचं काय केलंत?

बी-३०४: वेटरने आणून ठेवला, काही विचारलं नाही. मग ओतली अर्धी. दोन्ही मीच प्यायलो. अर्ध्या ग्लासातली लवकर गार होते, हे विसरलो होतो

बी-३०४ आई: घरी आल्यावर फक्त "छान होती" म्हणालास. हे इथे ग्रुपवर वाचायला मिळतंय मला

बी-३०४: आई तू अंघोळीला गेली होतीस गं

बी-३०४ आई: सकाळपासून दहा तास अंघोळ करत नाहीये मी

ए-४०३ मामी: जाऊ दे हो. चव तीच होती का रे?

बी-३०४: तेच सांगता येत नाहीये मामी. तिकडे टिम हॉर्टन्स म्हणून कॉफीची दुकानं आहेत, त्यांची डबल-डबल पितो, म्हणजे डबल क्रीम डबल साखर, एवढा मोठा कप, गाडीत संपतो कधी ते कळत पण नाही. त्यामुळे आज पहिला घोट फार स्ट्राँग लागला, वाटलं यांनी काहीतरी बदललं. तिसऱ्या घोटाला कळलं की जीभ माझी बदललीय

ए-१०१ काका: कॉफी म्हणजे जायफळाची. दूध आटवून, वर जायफळ किसून. बाकी सगळं ठीक आहे.

ए-४०३ मामी: ते औषध झालं. पिऊन झोप येते. कॉफीने झोप जायला पाहिजे.

बी-३०४ आई: ह्याच्या बाबांना घरी जायफळाची आणि बाहेर फिल्टर, दोन्ही लागायचं

सी-२०५: मला आता जायचंच आहे. उद्या नाहीतरी पाणी नाही, सगळे मिळून जाऊया का सकाळी ८ ला? दादा तुम्ही घेऊन चला

ए-१०१ काका: मी येतो. गुडघा सांभाळत चालेन.

बी-३०४: डन. गेटवर ८.

सेक्रेटरी: उद्या सोमवार आहे. कॅफे मद्रास सोमवारी बंद असतं.

सी-२०५: 🤦‍♀️

बी-३०४ आई: मग आमच्याकडे या. जायफळाची मी करते. मामी तुम्ही डिकॉक्शन घेऊन या.

ए-४०३ मामी: रात्रीच लावते. झाकण कोणी उघडायचं नाही.

ए-४०३ सून: 🙏

बी-३०४ आई: आणि प्रत्येकाने येताना आपापला ग्लास आणा, धुवायला पाणी नसणार