पठार, धुकं आणि कडा: गिटारच्या धुनेची बांधणी आणि घरचं रेकॉर्डिंग (ऑनलाइन चर्चा; प्रत्येक मजकुरावरचं नाव लिहिणाऱ्याचं)

पठारवाट

स्टीलच्या तारांच्या अकूस्टिक गिटारसाठी चार मिनिटांची धून बांधतोय. गायन नाही, दुसरं वाद्यही नाही. डोळ्यांसमोर असलेलं दृश्य: पहाटेचं उंच पठार, धुक्यात दहा पावलांपलीकडचं दिसत नाही. वाट चालत चालत कड्याशी येते, धुकं फाटतं आणि खाली दरी उघडते. शेवटी पुन्हा धुकं.

लय ७२ बीपीएम (मिनिटाला ७२ मात्रा), चार मात्रांचा बार, म्हणजे बरोबर ७२ बार हाताशी आहेत. तीन ठिकाणी अडलंय.

नेहमीच्या ट्यूनिंगमध्ये ई मायनरची आर्पेजिओ (कॉर्डचे सूर एकेक करून छेडणं) घेतली आहे. कानाला गोड लागते, पण पठार दिसत नाही. कुठल्याही गाण्याची सुरुवात वाटते.

माइक एकच, छोट्या डायाफ्रामचा कंडेन्सर. दोन इनपुटचा इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आहे आणि गिटारमध्ये पिएझो पिकअप (तारांची कंपनं थेट पकडणारा सेन्सर) आहे. माइक साउंडहोलसमोर (गिटारच्या पोटावरचं भोक) १० सेंटीमीटरवर ठेवला की खालचे सूर घुमतात.

दरी दाखवायला ८ सेकंदांचा रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) लावला की सगळा चिखल होतो. कुठून सुरुवात करू?

खर्जपंचम

चिखलाचं मूळ रिव्हर्बच्या आधी, रचनेतच आहे असं मला वाटतं. ई मायनर पहिल्याच बारात कोमल गंधार सांगून टाकतो, म्हणजे भाव ठरून गेला. धुक्यात तर काहीच ठरलेलं नसतं. गंधारच काढून टाका.

डी-ए-डी-जी-ए-डी ट्यूनिंग घ्या. सहावी आणि पहिली तार ई वरून डी, दुसरी बी वरून ए. तिन्ही एकेक पूर्ण स्वर खाली येतात, बाकीच्या तीन तशाच राहतात. १९६० च्या दशकात डेव्ही ग्रॅहमने हे ट्यूनिंग गिटारवादकांत रुजवलं. डी ला षड्ज धरून मोकळ्या (फ्रेटवर न दाबलेल्या) तारा म्हणून बघा: सा प सा म प सा. तानपुराच झाला, त्यात मध्यमाची भर. त्यावर फक्त सा रे म प आणि कोमल नि, म्हणजे डी ई जी ए सी. हे मेघाचे स्वर, गंधार आणि धैवत दोन्ही वर्ज्य. पट्टी मेजर की मायनर हे ऐकणाऱ्याला कळत नाही, आणि तेच हवंय.

आता ७२ बारांची वाटणी.

बार १ ते २४ धुकं. अंगठा पहिल्या आणि तिसऱ्या मात्रेवर, आलटून पालटून सहावी आणि चौथी मोकळी तार. धून तिसऱ्या-दुसऱ्या तारेवर, चारच स्वरांची, पंचमाच्या टप्प्याबाहेर न जाणारी. दर चौथ्या बारात धून गप्प, फक्त अंगठा चालतो.

बार २५ ते ४० वाट. तीच चार स्वरांची ओळ, पण रिषभापासून सुरू. अंगठा प्रत्येक मात्रेवर.

बार ४१ आणि ४२ पूर्ण शांत. अंगठासुद्धा थांबतो. या लयीत दोन बार म्हणजे जवळपास ६.७ सेकंद. वाजवताना ते फार लांब वाटतात आणि हात आपोआप लवकर उचलला जातो. क्लिकवर (हेडफोनमधल्या तालाच्या टिकटिकीवर) आठ मात्रा मोजाच. पाऊल कड्यावर थबकतं ते हेच.

बार ४३ ला सहावी मोकळी तार (७३.४ हर्ट्झ) आणि पहिल्या तारेचा बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तारेला नुसतं बोट टेकवून काढलेला सूर, ५८७ हर्ट्झ) एकदम छेडा. दोघांत तीन सप्तकांचं अंतर आणि मध्ये काहीच नाही. दरी म्हणजे ती रिकामी जागा. तिथे कॉर्ड भरलीत तर दरी बुजली. बार ४७ च्या आसपास, पूर्ण धुनेत एकदाच, शुद्ध गंधार लावा: चौथ्या तारेचा चौथा फ्रेट, एफ शार्प. बार ६१ पासून पुन्हा सुरुवातीची ओळ, गंधाराविना.

या ट्यूनिंगचा धोकाही सांगतो. मोकळ्या तारा सतत वाजत राहतात आणि पाच मिनिटांत सगळं एकसारखं वाटू लागतं. बार २५ ते ४० मध्ये तळव्याची कड ब्रिजवर (तारा पोटाला जिथे बांधलेल्या असतात तिथे) हलकी टेकवून खालच्या तारांचा आवाज दाबून वाजवा. मग बार ४३ ला मोकळा खर्ज सुटल्यावर फरक जाणवतो.

माइकपाशी

वरच्या रचनेला अनुसरून रेकॉर्डिंगचं सांगतो.

गिटारच्या पोटातली हवा साधारण १०० हर्ट्झच्या आसपास घुमते आणि ती साउंडहोलमधूनच बाहेर येते. माइक तिथे, त्यात १० सेंटीमीटरवर. कार्डिऑइड (मुख्यतः समोरचा आवाज पकडणारा) माइक इतक्या जवळ आला की खालचे सूर स्वतःच फुगवतो. दोन्ही दोष एकत्र झाले. माइक मान आणि पोट जुळतं तिथे, बाराव्या ते चौदाव्या फ्रेटसमोर, २५ सेंटीमीटरवर ठेवा आणि तोंड किंचित साउंडहोलकडे वळवा. घुमणं राहिलंच तर माइक मानेकडे २-३ सेंटीमीटर सरकवा. ईक्यूला (निवडक कंप्रता कमी-जास्त करणाऱ्या साधनाला) हात लावण्याआधी हे करा.

या ट्यूनिंगमध्ये मोकळी पाचवी तार ११० हर्ट्झची आहे, म्हणजे नेमकी घुमणाऱ्या पट्ट्यात. (अंगठ्याला सहावी-चौथी दिलीत ते म्हणूनही बरं.) बरेच जण वैतागून १२० हर्ट्झला लो कट (त्याखालचे सूर कापणारी चाळणी) लावतात आणि ७३ चा खर्जच कापून टाकतात. मग बार ४३ मध्ये उरतं काय? लो कट ५० हर्ट्झवर ठेवा आणि १०० ते १२० मध्ये अरुंद पट्टा २ ते ४ डेसिबल खाली घ्या.

पिएझो दुसऱ्या इनपुटला जोडा, वेगळ्या ट्रॅकवर. आवाज हवेतून माइकपर्यंत २५ सेंटीमीटर जायला ०.७३ मिलिसेकंद घेतो, पिकअपला तो लगेच मिळतो. ४८ किलोहर्ट्झला (सेकंदाला ४८,००० सॅम्पल, म्हणजे आवाजाची मोजमापं) हा फरक ३५ सॅम्पलचा. पिकअपचा ट्रॅक तेवढा मागे ढकला, मग पोलॅरिटी (ध्वनिलहरीची वर-खाली दिशा) उलटसुलट करून ऐका. ज्यात खर्ज भरीव वाटेल ते ठेवा. हे न जुळवता दोन्ही मिसळले की आवाज पोकळ होतो. पातळी माइकपेक्षा १२ डेसिबल खाली पुरे. पिएझोचा १.५ ते ३ किलोहर्ट्झमधला प्लॅस्टिकसारखा आवाज कापून टाका, त्याच्याकडून आपल्याला फक्त खालचं हवंय.

२४ बिट, सर्वांत जोरकस आघात उणे १२ ते उणे १० डीबीएफएसवर (डिजिटल पातळी; शून्य ही कमाल). हेडफोन बंद पाठीचा, नाहीतर क्लिक माइकमध्ये शिरते, आणि या धुनेत ती लपायला जागाच नाही.

पठारवाट

ट्यूनिंग बदललं. गंधार काढल्याबरोबर धुकं आलं, खरंच. पण सहावी तार फ्रेटवर खरखरते आणि छेडताक्षणी सूर चढा लागून मग खाली येतो. आणि एक: सुरुवातीला वाऱ्याचा, पक्ष्यांचा खरा आवाज टाकावा का?

सैलतार

तार एक स्वर उतरवली की ताण सुमारे २० टक्के कमी होतो. सैल तार जोरात छेडली की ती जास्त ताणली जाते, म्हणून आघाताला सूर चढतो. हेलकावाही मोठा, म्हणून फ्रेटला लागते. ०.०५३ ऐवजी ०.०५६ इंचाची तार लावा, गेलेला जवळपास निम्मा ताण परत येतो. अंगठ्याचा आघात साउंडहोलवर न करता थोडा ब्रिजकडे घ्या.

ट्यूनर लावताना प्रत्यक्ष वाजवणार तितक्याच जोराने छेडा आणि आघातानंतरचा स्थिर सूर जुळवा. नेहमी खालून वर येत जुळवा. वरून खाली आणलेली तार खुंटीत सैल राहते आणि दोन मिनिटांत उतरते. प्रत्येक टेकआधी (रेकॉर्डिंगच्या प्रत्येक प्रयत्नाआधी) तपासा, नाहीतर दोन टेक जोडताना षड्ज जुळत नाही.

दूरचासूर

रिव्हर्बबद्दल. अंतर रिव्हर्बच्या लांबीने दिसत नाही. दूरचा आवाज बोथट असतो, कारण हवा वरच्या कंप्रता आधी शोषते, आणि त्यात थेट आवाजाचं प्रमाण कमी असतं. म्हणून धुक्याचा भाग कोरडा आणि जवळचा ठेवा: ०.८ सेकंदांची छोटी खोली, अगदी थोडी. धुक्यात ऐकू येतं ते हाताजवळचंच.

बार ४३ पासून लांब रिव्हर्ब उघडा, पण ३.५ सेकंद. प्री-डिले (घुमारा सुरू होण्याआधीची उसंत) ६० मिलिसेकंद, म्हणजे छेडणं स्वच्छ राहतं. रिव्हर्बच्या परतीच्या वाटेवर २५० हर्ट्झखालचं आणि ६ किलोहर्ट्झवरचं कापा. तुमचा चिखल बहुतेक खर्जाच्या रिव्हर्बचा आहे.

कड्याचा प्रतिध्वनी डिलेने (सूर थोड्या वेळाने परत ऐकवणाऱ्या इफेक्टने) करा. ७२ लयीत एक मात्रा ८३३ मिलिसेकंदांची. आवाज सेकंदाला ३४३ मीटर जातो, म्हणजे जाऊन-येऊन समोरचा कडा १४३ मीटरवर. अगदी खरा वाटणारा आकडा! पुनरावृत्ती दोनच, दुसरी पहिलीहून बोथट, ३ किलोहर्ट्झच्या वरचं कापलेली. फक्त हार्मोनिकवर लावा.

खऱ्या वाऱ्याचा आवाज मी टाकेन, पहिले चार बार, गिटारपेक्षा ३० डेसिबल खाली. माइकला केसाळ विंडशील्ड हवंच, आणि १५० हर्ट्झखालचं कापा, नाहीतर वारा खर्ज झाकतो.

खर्जपंचम

वाऱ्याबाबत माझं मत वेगळं आहे. एकदा खरा वारा ऐकवला की ऐकणारा गिटारमध्ये पठार शोधणं सोडतो. टाकायचाच असेल तर बार ४ पर्यंत पूर्ण विरलेला असू द्या.

माइकपाशी

बार ४१-४२ मध्ये ट्रॅक कापून पूर्ण शून्य ठेवू नका. कान तो फरक लगेच पकडतो, फाइल अडकली असं वाटतं. त्याच दिवशी, माइक न हलवता, नुसत्या खोलीचा ३० सेकंदांचा आवाज घेऊन ठेवा आणि बार ४० चा शेवटचा सूर विझला की तो हळूच त्या शांततेखाली सरकवा. गेन बदलला तर हा तुकडा जुळणार नाही.

शेवटी मास्टर करताना लिमिटरने (उंच आघात दाबणाऱ्या साधनाने) आवाज ओढू नका. अनेक स्ट्रीमिंग सेवा उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला जाणवणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) आसपास पातळी आणतात, पण ही धून उणे १८ वर राहिली तरी चालेल, ट्रू पीक (सर्वांत उंच शिखर) उणे १. तिला उणे १४ पर्यंत चेपलीत तर त्या दोन बारांतली खोलीची सळसळ वर येते आणि बार ४३ चा खर्ज तिच्यातून उठून दिसत नाही.