बेबी स्लिंगला मराठीत काय म्हणाल?

नवीआई: लेक चार महिन्यांची आहे. तिला लांब कापडाने छातीशी बांधून घेते, म्हणजे हात मोकळे राहतात. सासूबाई त्याला झोळी म्हणतात. आईला ते आवडत नाही, झोळी भिक्षेकऱ्याची म्हणे. एका दुकानाने 'बाळ वाहक' लिहिलंय, ते तर कुरियरवाल्यासारखं वाटतं. नेमका शब्द आहे का?

जुनंपान: भिक्षेचं सोडा, माझी हरकत वेगळी आहे. झोळी टांगलेली असते. आढ्याला, नाहीतर उसाच्या फडात बाभळीच्या फांदीला. बाळ झोळीत टाकून आई कामाला लागते. म्हणजे झोळीतलं मूल आईच्या अंगावर नसतंच, आणि तुमचं नेमकं उलट चाललंय.

अंगावर घेण्याच्या जागांना मात्र शब्द भरपूर. खांद्यावर, कडेवर, पाठुंगळीला (आमच्याकडे पाठंगुळी). 'कड' म्हणजे कंबर, संस्कृत 'कटि'. कडदोऱ्यातली कडही तीच. जनाबाईच्या 'विठो माझा लेकुरवाळा'मध्ये निवृत्ती खांद्यावर, बंका 'कडियेवरी', नामा करंगळी धरून. लेकुरवाळ्याच्या अंगाखांद्यावर पोरं कुठे कुठे मावतात त्याची यादीच की! कापड मात्र त्यात कुठे नाही.

नवीआई: आणि काखेत? काखेत कळसा...

जुनंपान: गंमत बघा, हिंदीत त्याच अर्थाच्या म्हणीत 'बगल में छोरा' आहे, आपण कळसा ठेवला. 'पोराला काखोटीला मारलं' म्हणतो, पण त्यात घाई असते किंवा वैताग.

घाटवाट: कापडाचं उदाहरण प्रत्येक चौकात उभं आहे. झाशीची राणी! 'मूल पाठीशी बांधून.' (१८५३ मध्ये दत्तक घेतला तेव्हा दामोदरराव पाचेक वर्षांचा होता. म्हणजे १८५८ मध्ये ते 'तान्हं' चांगलं नऊ-दहाचं. शिल्पकारांना कोण सांगणार?)

मुद्दा असा की आपल्याकडे क्रियापद आहे, 'बांधून घेणे'. नाम झालं नाही, कारण त्यासाठी वेगळं कापडच नव्हतं. पदर, शेला, धडपा, हाताला येईल ते. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या अकोले भागातल्या आदिवासी बाया खांद्यावरून फडकी घेतात, तिच्यातच पोर बांधलेलं मी पाहिलंय. फडकी ती फडकीच राहिली.

दुपार: दवाखान्यात 'कांगारू' म्हणत होते, ते चालेल?

नवीआई: नाही हो, ती वेगळी गोष्ट. कमी वजनाच्या बाळाला आईच्या उघड्या छातीशी, कातडीला कातडी लावून ठेवतात. कोलंबियातल्या बोगोटात १९७८ च्या सुमारास सुरू झालं. तिथे ऊब महत्त्वाची, कापड असलं तर नुसतं आधाराला.

काल सासूबाईच म्हणाल्या, "पोरीला बांधून घे आणि कोथिंबीर आण." झोळी आपोआप गळली. पण दुकानदाराने पाटीवर काय लिहायचं? बाळबांधणी?

घाटवाट: लिहा. पहिलं गिऱ्हाईक जयपुरी ओढणी मागेल, दुसरं प्रबंधाच्या तीन प्रती बांधून द्या म्हणेल.