बाबांचं लेथ आणि घरचं वर्कशॉप विकायचंय, गुवाहाटीला शिफ्ट होतोय, सल्ला द्या

आकुर्डीकर

नमस्कार मंडळी, पहिल्यांदाच प्रश्न टाकतोय, जरा मोठा झालाय, सांभाळून घ्या. बायकोची बदली गुवाहाटीला झालीये, मुलं लहान आहेत म्हणून सगळेच चाललोय, नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. आकुर्डीचं घर भाड्याने जाईल आणि भाडेकरूला खालची पार्किंगची शेड रिकामी हवीये, आणि त्या शेडमध्येच बाबांचं वर्कशॉप आहे. बाबा टूलरूममध्ये होते, १९९४ ला त्यांनी एका बंद पडलेल्या शॉपमधून साडेचार फुटी बटाला लेथ (पंजाबातल्या बटाल्याचं, धातूचा तुकडा फिरवत ठेवून त्याला कापून आकार देणारं मशीन) सेकंडहँड आणलं, त्यानंतर रिटायरमेंटनंतरची पंधरा वर्षं ते रोज सकाळी तिथेच असायचे, सोसायटीतल्या पंपांचे बुश, कुणाची पुली, कुणाच्या मिक्सरचं कपलिंग, पैसे क्वचित घ्यायचे. मागच्या वर्षी गेले. मी आयटीत, पण त्यांच्याकडून शिकलोय, फेसिंग टर्निंग बोअरिंग येतं, थ्रेडिंग म्हणजे आटे पाडणं एकट्याने कधी केलं नाही.

सामान असं आहे: लेथ १ एचपी सिंगल फेज मोटरवर, थ्री जॉ चक (काम धरणारा तीन जबड्यांचा पंजा) बसवलेलं, फोर जॉ बाजूला, १३ मिमीचं पिलर ड्रिल, बेंच ग्राइंडर, सहा इंची व्हाइस, ग्रॅनाइटची सरफेस प्लेट (मोजमापासाठीचा सपाट पाट), मायक्रोमीटर ० ते २५ आणि २५ ते ५०, व्हर्नियर, दोन डायल गेज, टॅप डाय भरपूर, एचएसएस टूल बिट (लेथची कापायची हत्यारं) डबाभर, आणि एका पत्र्याच्या ट्रंकेत सुटे गिअर, प्लेटा, बोल्ट वगैरे, त्यातलं निम्मं काय आहे ते मला कळत नाही.

भंगारवाला येऊन गेला, लेथ अंदाजे ६०० किलो धरून किलोला ३० रुपये म्हणाला, म्हणजे १८ हजार. दुसरा एक जुन्या मशीनचा व्यापारी आला, त्याने शेडमध्ये उभं राहून सगळं मिळून ४५ हजार सांगितले, ट्रंक आणि मायक्रोमीटरसकट, आणि उद्याच उचलतो म्हणाला. आई म्हणते दसरा होऊ दे, खंडेनवमीला मशीनची पूजा करू आणि मग जाऊ दे. माझे प्रश्न: बरोबर नेणं शक्य आहे का, नाहीतर लॉटमध्ये विकू की सुटं सुटं, आणि काय ठेवू?

टर्नर_भोसरी

दादा पहिलं काम, त्या व्यापाऱ्याला थांबव. त्याला लेथमध्ये तितका रस नाही, ट्रंक आणि मायक्रोमीटर त्याने न मागता लॉटमध्ये धरले तिथेच ते कळलं. भंगारवाल्याचा तर विचारच नको, चालू मशीन बीडाच्या, म्हणजे ओतीव लोखंडाच्या भंगाराच्या भावात देणं मला सहन होत नाही.

नेण्याबद्दल सरळ सांगतो. पुण्याहून गुवाहाटी अडीच हजार किलोमीटरच्या वर आहे, मशीन पूर्ण गाडी घेऊन जाणार नाही, पार्ट लोडने जाणार, म्हणजे वाटेत दोन तीन ठिकाणी उतरवून चढवणार आणि प्रत्येक ठिकाणी वेगळे हमाल. वर तिथली हवा दमट. आणि तू राहणार कुठे? फ्लॅट असेल तर ६०० किलो वर चढवायचं कसं आणि स्लॅबवर ठेवायचं कसं. तळमजला आणि स्वतःची जागा असती तर मी वेगळं बोललो असतो.

सुटं की लॉट यावर माझं मत पक्कं आहे, मशीनचं मशीनबरोबर, हाताचं हाताशी. फोर जॉ, फेस प्लेट, स्टेडी, चेंज गिअर, चकच्या चाव्या, उलटे जॉ हे सगळं लेथचंच अंग आहे, ते वेगळं काढून विकलंस तर हजार दोन हजार मिळतील पण लेथ लंगडं होईल. तुझ्या मशीनला नॉर्टनचा गिअरबॉक्स, म्हणजे नुसत्या दांडीने आट्याचा वेग बदलणारा, आहे का? नसेल तर चेंज गिअरशिवाय (हाताने बदलायच्या सुट्या गिअरशिवाय) त्यावर आटे पाडता येत नाहीत, आणि दुसऱ्या मशीनचे गिअर याला बसतीलच असं नाही, बोअर वेगळा, की-वे वेगळा, दाताचा पिच वेगळा. म्हणून ती ट्रंक आज रात्रीच उघड, एकेक तुकडा केरोसीनने पूस आणि गिअरचे दात मोज. दात मोजून खडूने आकडा लिही आणि फोटो इथे टाक.

आकुर्डीकर

खूप आभार. गिअरबॉक्स नाही, बाजूला झाकणाच्या आत गिअर बदलायचे आहेत. रात्री मी आणि मोठी मुलगी दोघं बसलो, तिने खडूने आकडे लिहिले. २०, ३०, ४०, ४५, ५०, ५५, ६०, ६५, ७०, ८०, १०० आणि एक भलामोठा, तो तिने दोनदा मोजला, १२७. एवढा मोठा गिअर कशाला ते कळेना, रंगही वेगळा आहे, मला वाटलं चुकून दुसऱ्या मशीनचा आला असेल आणि तो बाजूला भंगारात ठेवला होता.

टर्नर_भोसरी

अरे तो आधी उचल भंगारातून!! तुझा लीड स्क्रू (आटे पाडताना हत्यार पुढे सरकवणारा लांब स्क्रू) इंची असणार, त्यावर मिलिमीटरचे आटे पाडायचे तर १२७ चा गिअर लागतो. एक इंच म्हणजे २५.४ मिमी, त्याची पाचपट १२७, म्हणून तेवढे दात घेतले की हिशेब बरोबर जुळतो, जराही फरक राहत नाही. बऱ्याच जुन्या लेथवरचा हा गिअर हरवलेला असतो, मग माणूस जवळपासच्या गिअरवर भागवतो आणि लांब आटा नटमध्ये अडकतो. रंग वेगळा आहे म्हणजे तुझ्या बाबांनी तो नंतर मुद्दाम करून किंवा शोधून आणलेला असणार. जाहिरातीत पहिल्या ओळीत लिही, १२७ सह पूर्ण गिअर सेट. कळणारा माणूस त्या एका ओळीवर येईल.

उद्यमनगर_कोल्हापूर

वरच्या भावांचं बरोबर हाय पण मी जरा उलटं बोलतो, राग मानू नका. आमच्या वडलांचं शेपर (धातू रंधणारं मशीन) मी २०११ ला असंच घाईत दिलं, जागा पाहिजे होती म्हणून, आणि आज त्या पैशाचं काय घेतलं होतं ते पण आठवत नाही. गावाकडं कुणाची शेड, गोठ्याशेजारची खोली, मामाचं घर, असं काय हाय का बघा की. बीडाचं मशीन हाय, बेडवर ग्रीस थापून, वर प्लास्टिक बांधून, खाली फळ्या घालून ठेवलं तर दोन तीन वर्षं काय होत न्हाई, फक्त वर्षातनं दोनदा कुणीतरी उघडून पुसलं पाहिजे. बदलीची नोकरी हाय, परत याल की.

आकुर्डीकर

दादा राग कसला. गाव आमचं जुन्नरकडे, घर आहे पण बंद असतं, वर्षातून दोनदा उघडणारं कुणी नाही. आईपण आमच्याबरोबर येतेय. दोन दिवस याच्यावरच विचार केला. आईच काल म्हणाली की बंद खोलीत गंजण्यापेक्षा कुणाच्या तरी हाताखाली फिरत राहिलेलं त्यांना आवडलं असतं. तेव्हा विकायचं ठरलं. पण घेणारा चालवणारा हवा, एवढं माझं नक्की आहे. तसा माणूस शोधायचा कुठे?

ग्राइंडिंग_ताई

मी बंगळुरूत असते, नवऱ्याच्या नोकरीमुळे नाशिक सोडलं तेव्हा आम्हीपण हेच केलंय म्हणून लिहिते. मोठ्या व्यापाऱ्यांकडे जाण्याआधी मोटर रिवायंडिंगवाले, पंप दुरुस्तीवाले, शेती अवजारांचे वेल्डर यांना विचारा, त्यांना सिंगल फेजवर चालणारं छोटं लेथ कायम हवं असतं कारण अनेकांकडे थ्री फेज कनेक्शनच नसतं, तुमच्या मशीनची तीच मोठी बाजू आहे. तालुक्याच्या आयटीआयमधले टर्नर ट्रेडचे सर लोक पण चांगले, त्यांच्या जुन्या मुलांपैकी कोण नवीन शॉप टाकतोय हे त्यांना माहीत असतं. आणि किरकोळ हत्यारं, जुने टूल बिट, फाइली, जादाचे टॅप द्यायचेच असतील तर पाबळच्या विज्ञान आश्रमाला विचारून बघा, शिक्रापूरजवळ आहे, कलबाग सरांनी १९८३ मध्ये सुरू केलेलं, तिथे मुलं हाताने काम करून शिकतात.

काय ठेवायचं ते आता. मोजायचं सगळं ठेवा. मायक्रोमीटर, व्हर्नियर, डायल गेज एका बुटाच्या खोक्यात मावतं, विकून पैसे किरकोळ येतात आणि परत घ्यायला गेलं की महाग पडतं. व्हाइस पण ठेवा. मी आमचा व्हाइस विकला आणि नंतर घेतलेल्या नव्याचे जॉ कधी समांतर बसलेच नाहीत. सरफेस प्लेट मात्र आकार बघून ठरवा, ४५० बाय ३०० ची ८० मिमी जाड असेल तर ३० किलोच्या आसपास भरते, आणि कोपरा फुटण्याची भीती. मायक्रोमीटर पॅक करताना पूर्ण बंद करून ठेवू नका, दोन्ही तोंडांत थोडी फट ठेवा आणि तेलाचा हलका हात फिरवा.

टर्नर_भोसरी

ताईंनी बरोबर सांगितलं. आता व्हिडिओ कसा काढायचा ते ऐक, कारण फोटोवर लेथ विकलं जात नाही. मशीन थंड असताना चालू कर, आवाज येऊ दे, गाणं लावू नको. मग चकमध्ये २५ चा बार धर, १०० मिमी लांबीवर हलका कट घे आणि दोन्ही टोकांना मायक्रोमीटर लावून रीडिंग दाखव. टेपर, म्हणजे दोन टोकांच्या व्यासातला फरक, दोन तीन शतांश मिमी निघाला तरी लपवू नको, आकडा सांग. चकजवळच्या हातभर बेडवर घसाई असणारच, तीपण दाखव, क्रॉस स्लाइडचा (हत्यार आडवं सरकवणाऱ्या भागाचा) बॅकलॅश, म्हणजे हँडल उलटं फिरवताना मोकळा जाणारा भाग, किती डिव्हिजन आहे तेपण. घेणारा समजून येतो आणि दारात येऊन घासाघीस कमी करतो. किंमत ६५ सांग, ५५ च्या खाली उतरू नको, ड्रिल वेगळं.

सावध_रहा_पुणे

पैशाबद्दल एकच. जाहिरात टाकली की पहिले दोन तीन फोन असे येतील की मी आर्मीत आहे, बघायला येऊ शकत नाही, मशीन पसंत आहे, लगेच पैसे पाठवतो, हा क्यूआर स्कॅन करा. पैसे घ्यायला कधीही पिन टाकावा लागत नाही, पिन मागितला म्हणजे तुमच्या खात्यातून जाणार. माझ्या काकांचे असेच ३८ हजार गेले, फ्रिज विकताना. झालंच तर लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० ला फोन करायचा. आणि विकताना साध्या कागदावर पावती लिहा, मशीनचं वर्णन, रक्कम, तारीख, दोघांच्या सह्या. आणि ई-वे बिल (माल गाडीने नेताना लागणारा जीएसटीचा कागद) लागतं का ते घेणाऱ्याने त्याच्या ट्रान्सपोर्टवाल्याला आधीच विचारून घ्यावं, गाडी नाक्यावर अडायला नको.

उद्यमनगर_कोल्हापूर

बरं विकायचं ठरलंच हाय तर उचलताना तरी नीट उचला. लेथ हेडस्टॉककडनं (डावीकडचं चक फिरवणारं डोकं) जड असतंय आणि वरनं जड असतंय, पोरं खालनं ढकलायला गेली की आडवं होतंय. सॅडल (हत्यार धरून सरकणारा भाग) आणि टेलस्टॉक (उजवीकडचा टेकू) उजवीकडं सरकवून लॉक करा, पट्टा बेडखालनं घाला, लीड स्क्रूला पट्टा लागला तर स्क्रू वाकला म्हणून समजा, मधे लाकडाचे ठोकळे द्या. चक काढून वेगळं न्या. शेडमधून रस्त्यापर्यंत पाईपचे रोलर आणि पहार, घाई न्हाई. गाडीत चढवायला चेनपुली न्हाईतर हायड्रा क्रेन, माणसांच्या खांद्यावर अजिबात नको. आणि मशीन नव्या जागी बसलं की लेव्हल बॉटल लावून चारी पाय जुळवायला सांगा त्याला, न्हाईतर बेड पिळतोय आणि मग टेपर तुमच्या नावावर घालतील.

आकुर्डीकर

मंडळी, काम झालं, सांगायला आलोय. जाहिरात पंधरा दिवस होती, क्यूआरवाले चार फोन आले, चारही कट केले. खंडेनवमीला आईने लेथला हळदकुंकू वाहिलं, मुलीने झेंडूची माळ घातली, आणि दसऱ्यानंतरच्या रविवारी बारामतीकडचा एक मुलगा वडिलांना घेऊन आला. पंप दुरुस्ती करतो, आयटीआयचा टर्नर. त्याने व्हिडिओतला टेपर परत स्वतः कट घेऊन मोजला, १०० मिमीला ०.०३, तोच निघाला. मग ट्रंक उघडून त्याने पहिला १२७ हातात घेतला आणि दातांवरून अंगठा फिरवला. ५८ हजारांना ठरलं, सगळ्या अंगासकट, ड्रिल आणि ग्राइंडर त्यानेच ११ ला घेतलं. निघण्याआधी माझ्या मुलीला आणि मला गिअर लावून एम १६ चा, म्हणजे १६ मिमी व्यासाचा, दोन मिमी पिचचा (दोन आट्यांमधलं अंतर) आटा पाडून दाखवला, नट फिरवला, शेवटपर्यंत हाताने गेला. तो तुकडा मुलीने ठेवून घेतलाय. हायड्रावाला आला, सॅडल उजवीकडे, चक वेगळं, पट्टा बेडखालून, कोल्हापूरच्या दादांनी सांगितलं तसंच केलं.

जादाचे टॅप, फाइली, टूल बिट काढून ठेवलेत, पाबळला फोन करून पुढच्या शनिवारी न्यायचेत. व्हाइस आणि मोजायचं सगळं बरोबर येतंय. सरफेस प्लेट शेजारच्या काकांकडे ठेवली.

एक शेवटचं विचारतो. डायल गेजच्या पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाकल्यात, गुवाहाटीच्या पावसात त्या किती दिवसांनी बदलायच्या?

ग्राइंडिंग_ताई

दिवस मोजू नका, रंग बदलणारे निळे दाणे घ्या. गुलाबी झाले की ताटलीत काढून ओव्हनमध्ये १२० डिग्रीला दोनेक तास ठेवा, परत निळे होतात. खाण्याचं काही त्याच वेळी आत ठेवू नका आणि दाणे मुलांच्या हाताला लागतील असे ठेवू नका. पेटी बंद करताना झाकणाला कडेने टेप लावा.