अमोना उठली, ओफ्रा राहिली: असं का?

प्रश्न : इस्रायलनं १९६७ पासून ताब्यात ठेवलेल्या वेस्ट बँकेतली अमोना ही इस्रायली वस्ती इस्रायलनं २०१७ मध्ये स्वतःच उठवली. मात्र शेजारची ओफ्रा १९७५ पासून तिथंच आहे. एकाच डोंगररांगेत एकीला एक न्याय आणि दुसरीला दुसरा, तो कशावरून?

उत्तर १ : ताब्यातल्या प्रदेशात आपले नागरिक वसवायला मनाई करणाऱ्या चौथ्या जिनिव्हा कराराच्या ४९व्या कलमाप्रमाणे दोन्ही बेकायदा, असं जवळजवळ सगळं जग मानतं, इस्रायलला ते मान्य नाही. पण फरक पडला तो इस्रायलच्याच कायद्यात. ओफ्राला सरकारी मान्यता मिळाली, अमोनाला कधीच नाही. त्यातून अमोनाखालची जमीन पॅलेस्टिनी मालकांच्या नावावर. त्यांनी २००८ मध्ये याचिका केली, डिसेंबर २०१४ मध्ये उच्च न्यायालयानं दोन वर्षांची मुदत दिली आणि फेब्रुवारी २०१७ मध्ये सुमारे ४० कुटुंबं हलवली गेली. त्याआधी २००६ मध्ये तिथली नऊ पक्की घरं पाडली होती. तेव्हा पोलीस आणि आंदोलकांत मोठी चकमक झाली.

उत्तर २ : एक दुरुस्ती. ओफ्राही पूर्ण सुटली नाही. तिथलीही नऊ घरं न्यायालयाच्या आदेशानं २०१७ मध्येच गेली, कारण तेच, खासगी जमीन. म्हणजे मान्यता वस्तीला असते, प्रत्येक घराखालच्या जमिनीला नव्हे.

खासगी जमिनीच्या या नियमाचं मूळ एलोन मोरे या वस्तीबद्दलच्या १९७९ च्या निकालात आहे. नाब्लुसजवळच्या रुजैब गावची सुमारे ७०० दुनाम (दुनाम म्हणजे हजार चौरस मीटर) खासगी जमीन या वस्तीसाठी लष्करानं ‘सुरक्षेसाठी’ म्हणून ताब्यात घेतली. लष्करप्रमुख एतान बाजूनं, पण माजी लष्करप्रमुख बार-लेव्ह यांनी तिथं सुरक्षेची गरजच नसल्याचं प्रतिज्ञापत्र दिलं. न्यायालयानं ताबा रद्द केला आणि वस्ती दुसऱ्या डोंगरावर गेली. तेव्हापासून सरकारनं वाट बदलली: १८५८ च्या उस्मानी जमीन कायद्याचा आधार घेऊन, सलग न कसलेली, नोंद नसलेली जमीन ‘सरकारी’ जाहीर करायची. त्यात जमिनीची नोंदणी १९६८ मध्येच थांबवलेली, त्यामुळे कसतोय हे सिद्ध करण्याचा भार शेतकऱ्यावर. खरा अन्याय मला इथंच दिसतो.

प्रश्नकर्ता : मग अमोनाही नंतर कायदेशीर करता आली नसती?

उत्तर ३ : प्रयत्न झाला. अमोना रिकामी झाल्यावर काही दिवसांतच क्नेसेटनं (इस्रायलच्या संसदेनं) खासगी जमिनीवरची घरं नियमित करणारा कायदा केला. मालकांना फक्त भरपाई. २०२० मध्ये न्यायालयानं तो रद्द केला. अमोनाच्या लोकांसाठी सरकारनं शिलो वस्तीजवळ अमिखाय ही नवी वस्ती मंजूर केली.