मदत हवी आहे: आजूबाजूच्या मजकुरावरून फोटो शोधायचाय

मंडळी, कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी मराठी विकिपीडियाचा एक्सएमएल डंप (सगळ्या लेखांची एकत्र फाइल) घेतलाय, त्यातले फक्त गडकिल्ल्यांचे लेख वेगळे काढून प्रत्येकाचं झाड केलंय, म्हणजे लेख, त्यात विभाग, त्यात परिच्छेद आणि चित्रं. आता कोणी 'रायगडाची बाजारपेठ' टाकलं की बरोबर तोच फोटो यायला हवा, आणि फोटोतलं काही न बघता फक्त मजकुरावरून.

आधी नुसती फोटोखालची ओळ घेतली, पण बऱ्याच ठिकाणी ती नाहीच, आणि फाइलचं नाव डीएससी००४५ असलं काहीतरी (कॅमेऱ्याने दिलेलं नाव तसंच ठेवणाऱ्यांना काय म्हणावं!). मग अख्खा लेख घेतला तर एकाच लेखातले सगळे फोटो सारखेच मार्क घेऊन येतात, शिवाय राजगडाच्या लेखात राजधानी रायगडाला हलवली एवढा उल्लेख आहे म्हणून तिथलेही फोटो वर. आता फोटोखालच्या ओळीला जास्त वजन, मग शेजारचा परिच्छेद, मग विभागाचं शीर्षक, लेखाचं नाव सगळ्यात कमी असं बीएम२५ वर (शब्द किती जुळतात त्यावरून मार्क देणारं सूत्र) चालवतोय, पण वजनं अंदाजानेच टाकलीत. इनेक्समध्ये (एक्सएमएल मजकुरातल्या शोधाच्या पद्धती तपासणारा संशोधन उपक्रम) २००५ ते २००७ असा मल्टिमीडिया ट्रॅक, म्हणजे चित्रं वगैरे शोधण्याचा विभाग, होता तो माहितीय, पण तो इंग्रजीवर.

आणि खरी डोकेदुखी आपली विभक्ती! बुरूज शोधला की बुरुजावर, बुरुजांच्या सुटतं, किल्ला आणि किल्ल्याचंही तेच. यासाठी चांगला मराठी स्टेमर (प्रत्यय काढून शब्दाचं मूळ रूप देणारा प्रोग्राम) कोणी वापरलाय का, की तीन-तीन अक्षरांचे तुकडे करूनच जुळवू? आणि वजनं ठरवायला साधारण किती शोध-प्रश्नांचे निकाल हाताने तपासावे लागतील?