'सोलो अल्बम'ला मराठीत काय म्हणावे: एकल, स्वतंत्र की सवता सुभा?

कानसेन
येत्या दिवाळी अंकासाठी मी फिश या स्कॉटिश प्रोग्रेसिव्ह रॉक गायकावर लेख लिहिला आहे आणि त्यातील एका वाक्यावरून संपादकांचे व माझे जमेनासे झाले आहे. माझे वाक्य असे होते: '१९८८ मध्ये फिशने मॅरिलियन हा बँड सोडून सवता सुभा मांडला आणि जानेवारी १९९० मध्ये व्हिजिल इन अ विल्डरनेस ऑफ मिरर्स हा त्याचा पहिला स्वतंत्र अल्बम आला.' संपादकांनी ते खोडून 'त्याचा पदार्पणाचा एकल अल्बम प्रदर्शित झाला' असे केले. 'सवता सुभा'मध्ये भांडणाचा वास येतो आणि 'स्वतंत्र'चा अर्थ निश्चित होत नाही, असे त्यांचे म्हणणे आहे.

मला संपादकांचे 'पदार्पण' आणि 'एकल' हे दोन्ही शब्द खटकतात. फिश १९८१ मध्ये मॅरिलियनमध्ये आला आणि त्याच्या आवाजात त्या बँडचे चार स्टुडिओ अल्बम निघाले. त्यांपैकी 'मिस्प्लेस्ड चाइल्डहुड' १९८५ मध्ये ब्रिटनच्या खपाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर होता आणि त्यातले 'केली' हे गाणे दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेले होते. अशा गायकाचे १९९० मध्ये पदार्पण कसले? आणि ज्या अल्बममध्ये डझनभर वादक आहेत तो एकल कसा? जाणकारांनी मत द्यावे.

अर्धमात्रा
'पदार्पणा'वरचा आपला आक्षेप मला पटत नाही. रणजी सामन्यांत धावांचे डोंगर रचून आलेल्या फलंदाजाचेही कसोटीत 'पदार्पण' होतेच, आणि कसोटीतल्या मुरलेल्या गोलंदाजाचे वीस षटकांच्या सामन्यांत पुन्हा होते. पाऊल नव्या अंगणात पडले की पदार्पण झाले. चालणारा जुना आहे की नवा, हे कोणी विचारत नाही.

'एकल'बाबत मात्र मी आपल्या बाजूने आहे. हा शब्द गेल्या काही वर्षांत शासकीय परिपत्रकांतून आपल्या कानांवर आदळू लागला आहे. एकल महिला, एकल पालक, एकल वापराचे प्लास्टिक अशा सहवासामुळे 'एकल अल्बम' वाचताच एखाद्या अनुदान योजनेचा अर्ज डोळ्यांपुढे येतो.

जुनी तबकडी
परिपत्रकांच्या कितीतरी आधीपासून महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत 'एकलगायन' आणि 'समूहगायन' अशा स्पर्धा होत आल्या आहेत. एकलगायनाच्या स्पर्धकामागे पेटीवाला असतो, तबलजी असतो, कधी तंबोऱ्यावर मैत्रीणही बसलेली असते, आणि त्यावर कोणी हरकत घेत नाही. त्यामुळे वादक डझनभर आहेत म्हणून 'एकल' चालणार नाही, हा कानसेन यांचा मुद्दा टिकत नाही.

उलट 'स्वतंत्र' हा शब्दच जपून वापरायला हवा. तबल्याच्या मैफलीला आपण 'स्वतंत्र वादन' म्हणतो, कारण एरवी तबला साथीला असतो आणि त्या दिवशी तो साथीतून मोकळा होतो. फिश कधी कोणाच्या साथीला बसला होता? तो मॅरिलियनचा चेहरा होता. सुरुवातीच्या काळात तोंडाला रंग लावून गायचा, आणि गाण्यांचे शब्द त्याचेच असत.

कानसेन
तबकडी यांचा तबल्याचा मुद्दा मोलाचा आहे, परंतु त्यातूनच माझी अडचण अधिक स्पष्ट होते. एकलगायनातला पेटीवाला गायकाच्या मागे जातो. 'व्हिजिल'मधील बऱ्याच चाली मात्र कीबोर्डवादक मिकी सिमंड्स आणि फिश यांनी मिळून बांधल्या आहेत. गिटारवर फ्रँक अशर आणि पूर्वी डायर स्ट्रेट्समध्ये असलेला हॅल लिंड्स आहेत, ड्रमवर बिग कंट्रीचा मार्क ब्रझेझिकी, बासवर जॉन गिब्लिन. 'व्ह्यू फ्रॉम द हिल' या गाण्यात तर जॅनिक गर्सची गिटार आहे, जो त्याच वर्षी आयर्न मेडनमध्ये गेला. निर्मिती जॉन केलीची. याला मी एकल कसे म्हणू?

तुलनेसाठी येस या बँडचा गायक जॉन अँडरसन घ्या. १९७६ चा 'ओलियास ऑफ सनहिलो' हा त्याचा पहिला सोलो अल्बम. त्यात सगळी वाद्ये त्याने स्वतः वाजवली आणि सगळे आवाजही त्याचेच आहेत. तो खरोखर एकल आहे. पण त्या वेळी त्याने बँड सोडलेला नव्हता. म्हणजे एकाने सगळे एकट्याने केले पण घरातच राहून, आणि दुसऱ्याने घर सोडले पण काम चारचौघांना घेऊन केले. इंग्रजीतला 'सोलो' दोघांना एकाच पोत्यात घालतो. मराठीनेही तसेच करावे का, एवढाच माझा प्रश्न आहे.

निर्मळ मराठी
मूळ रोग वेगळाच आहे. अल्बम, बँड, सोलो, प्रोग्रेसिव्ह, रॉक असे पाच परके शब्द एका परिच्छेदात येतात आणि आपण 'एकल' या शुद्ध शब्दावर तुटून पडतो. 'ध्वनिमुद्रिका', 'वाद्यवृंद' आणि 'पुरोगामी' हे शब्द असताना हा दुबळेपणा कशासाठी?

अर्धमात्रा
'पुरोगामी रॉक' लिहून पाहा आणि वाचकांपैकी किती जण शाहू, फुले, आंबेडकरांपर्यंत पोहोचतात ते मोजा. येथे प्रोग्रेसिव्ह म्हणजे तीन मिनिटांच्या गाण्याची चौकट मोडून लांबलचक, अनेक भागांच्या, विषम मात्रांच्या रचना करणारे संगीत. पीटर गॅब्रिएल या गायकाने १९७५ मध्ये जेनेसिस हा बँड सोडला आणि त्यानंतरच्या, १९७७ च्या पहिल्या अल्बममध्ये 'सॉल्सबरी हिल' हे गाणे केले. बँड सोडण्याविषयीचेच ते गाणे आहे आणि बहुतांशी सात मात्रांत चालते. आपल्याकडचा रूपक तालाला सरावलेला श्रोता ते सहज मोजतो. त्यात 'पुरोगामी' काय आहे?

आणि वाद्यवृंद म्हटले की निवेदक, रंगीत दिवे आणि जुन्या हिंदी गाण्यांची रात्र आठवते. बँड म्हणजे वरातीचा, अशीही हरकत कोणी घेईल, पण संदर्भ असला की वाचक गोंधळत नाही.

जुनी तबकडी
'ध्वनिमुद्रिका'ही लोकांच्या तोंडी कधी बसला नाही. आमच्या तरुणपणी गायकाने 'कॅसेट काढली' असे म्हणत. फीत, मुखपृष्ठ आणि आतली गाणी असे सगळे त्या एका शब्दात येई.

निर्मळ मराठी
लोकांच्या तोंडी बसत नाही, कारण लिहिणारे लिहीत नाहीत. 'दूरध्वनी'लाही एकेकाळी हसत असत.

अर्धमात्रा
आजही बोलताना हसतातच.

बांधावरून
माझे लक्ष 'सवता सुभा'वर अडले आहे. हा शब्द संपादकांनी का काढावा, हेच मला कळत नाही. सातारा भागातल्या आमच्या घरात आजी 'तो सवता राहतो' असे सहज म्हणायची. त्याचा अर्थ एवढाच की भावांची चूल वेगळी झाली आहे. वैर असेलच असे नाही. माझ्या मते हा 'सवता' 'स्वतः'पासून आला असावा.

शब्दवेल्हाळ
मला 'सवत' अधिक जवळची वाटते. एका घरात दोन चुली मांडण्याचे कारण बहुधा सवतच असे. मात्र 'सवता सुभा' या जोडशब्दाचे वजन 'सवता'पेक्षा 'सुभा'वर आहे. सुभा म्हणजे मोगली प्रांत, आणि सुभेदाराने सवता सुभा मांडला म्हणजे त्याने वसूल पाठवणे थांबवले. त्यात बंड आहेच. संपादकांना भांडणाचा वास आला असेल तर त्यांचे नाक शाबूत आहे.

कानसेन
भांडण होतेच की! सततच्या दौऱ्यांनी फिश पिचला होता आणि व्यवस्थापकाशी त्याचे बिनसले होते. नव्या गाण्यांवर एकत्र काम सुरू होते, पण ते पुढे सरकेना. पुढे झाली ती सरळसरळ वाटणी: शब्द फिशकडे गेले आणि चाली बँडकडे. मॅरिलियनचा 'क्लचिंग ॲट स्ट्रॉज' हा अल्बम १९९९ मध्ये पुन्हा निघाला, तेव्हा त्यासोबत त्या अर्धवट कामाची ध्वनिमुद्रणे प्रसिद्ध झाली. त्यात 'स्टोरी फ्रॉम अ थिन वॉल' नावाचे गाणे आहे. पातळ भिंतीपलीकडे एक नवरा बायकोला मारतो आहे आणि अलीकडचा शेजारी ते ऐकतो आहे. या गाण्याचे शब्द फिशने 'व्हिजिल'मधील 'फॅमिली बिझनेस'मध्ये नेले. चाल मात्र मॅरिलियनने ठेवून घेतली आणि स्टीव्ह होगार्थ या नव्या गायकाकडून तिच्यावर 'बर्लिन' हे गाणे गाऊन घेतले. दोन्ही गाणी पाठोपाठ ऐकली की जुना सांधा कानाला लागतो.

त्यातही गंमत अशी की दोघेही ईएमआय या एकाच कंपनीत होते. मॅरिलियनचा 'सीझन्स एंड' सप्टेंबर १९८९ मध्ये आला आणि दोन अल्बम एकमेकांवर आदळू नयेत म्हणून फिशचा तयार अल्बम जानेवारीपर्यंत मागे ठेवला गेला. तो ब्रिटनमध्ये पाचव्या क्रमांकावर गेला.

शब्दवेल्हाळ
मग हा सवता सुभा नव्हे. बादशहा तोच राहिला आणि वसूलही त्याच खजिन्यात जमा होत राहिला. 'वेगळा निघाला' म्हणा. शेतकरी घरातली वाटणी त्यात नेमकी येते.

जुनी तबकडी
नाटकवाल्यांनी यासाठी फार पूर्वी शब्द करून ठेवले आहेत. 'कंपनी फुटली' आणि 'नवी मंडळी काढली'. १९१३ मध्ये बालगंधर्व किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि गणेशराव बोडस व गोविंदराव टेंबे यांच्यासह त्यांनी गंधर्व नाटक मंडळी काढली.

अर्धमात्रा
परंतु ती मंडळी होती, भागीदारी होती. फिशने मंडळी काढली नाही. मुखपृष्ठावर त्याचे एकट्याचे नाव आहे आणि बाकीचे बोलावलेले आहेत. 'स्वतःच्या नावावरचा पहिला अल्बम' असे सरळ लिहावे. सातबाऱ्यावर एकाचेच नाव असले तरी शेतात मजूर असतातच, आणि त्यामुळे कोणाचा गोंधळ होत नाही.

निर्मळ मराठी
एका विशेषणाचे काम चार शब्दांना देणे ही हार आहे.

बांधावरून
ती हार असेलही, पण वाचल्याबरोबर समजते. मला एक विचारायचे आहे. लेखात अल्बमच्या नावाचा अर्थ काय दिला आहे? 'व्हिजिल' म्हणजे जागर का?

कानसेन
मी 'आरशांच्या अरण्यातील जागर' असे केले आहे. आरशांचे अरण्य ही प्रतिमा मूळची कवी टी. एस. एलियटची, १९२० च्या 'जेरॉन्शन' या कवितेतली. पुढे अमेरिकन गुप्तहेर खात्यातील जेम्स अँगलटन याने ती हेरगिरीतल्या फसवाफसवीसाठी वापरली.

शब्दवेल्हाळ
'जागर' म्हटले की संबळ वाजू लागते. देवीचा जागर, खंडोबाचे जागरण. त्यात शंभर माणसे असतात, देवता प्रसन्न असते आणि पहाटे प्रसाद मिळतो. या अल्बममध्ये असा कोणता उत्सव आहे?

जुनी तबकडी
शीर्षकगीतात आयरिश पाइप्स आहेत, डेव्ही स्पिलेनने वाजवलेल्या. त्यांचा सूर ऐकलात तर संबळ आठवणार नाही. तो निर्जन माळावरचा सूर आहे.

बांधावरून
म्हणूनच 'जागल' हा शब्द हवा. ज्वारी हुरड्यात आली की डुकरे येतात. मग चार खांबांवर माळा बांधून, गोफण आणि रिकामा पत्र्याचा डबा घेऊन रात्रभर बसायचे, त्याला आमच्याकडे जागलीला जाणे म्हणतात. त्यात देव नाही, प्रसाद नाही. नुसता अंधार आणि कानोसा.

निर्मळ मराठी
'जागल' ग्रामीण आहे, शहरी वाचकाला कळणार नाही. 'अरण्य'ऐवजी 'आरसेमहाल' घेतल्यास प्रतिमा तरी मराठी होईल: आरसेमहालातील जागर.

अर्धमात्रा
शुद्धतेचे पुरस्कर्ते फारसी 'महाल' आणतात आणि देशी 'जागल' नाकारतात, याची नोंद व्हावी. शिवाय वृत्तपत्रांनी 'जागल्या' शब्द गैरव्यवहार उघड करणाऱ्यासाठी केव्हाच रूढ केला आहे. शहरी वाचक तो रोज वाचतो. 'अरण्य' मात्र राहू द्या. मराठी बायबलमध्ये योहान अरण्यातच घोषणा करतो, आणि इंग्रजी वाचकाच्या कानात विल्डरनेस शब्दाबरोबर तोच प्रसंग वाजतो. महालाला मालक असतो आणि दरवाजा असतो. एलियटच्या आरशांना दोन्ही नाहीत.

शब्दवेल्हाळ
जागल राखणीसाठी असते. फिश कशाची राखण करतो आहे?

कानसेन
अल्बमभर एका 'हिल'ची कल्पना येत राहते. पैसा आणि यश यांच्या मागे लागलेली माणसे तो चढ चढत असतात, आणि गाणारा ते पाहत असतो. 'बिग वेज' हे गाणे तर पैशाच्या भक्तीवरच आहे. ब्रिटिश बोलीत वेज म्हणजे नोटांचे पुडके. म्हणून राखणीपेक्षा नजर ठेवणे अधिक जवळचे आहे. त्या 'हिल'ला मी 'टेकडी' म्हटले आहे.

जुनी तबकडी
टेकडी नको. पुण्यात टेकडीवर लोक सकाळी फिरायला जातात आणि उतरून पोहे खातात. डोंगर म्हणा.

बांधावरून
डोंगरावर माणसे देवाला जातात किंवा लाकडांना. यशासाठी आम्ही 'चढ' म्हणतो, आणि नुसता 'चढ' म्हटला तरी पुरतो.

निर्मळ मराठी
'गिरी' का नको?